रंग नवा, टाकी रिकामी

मित्रांनो, नागपुरात एका बालआरोग्य संस्थेच्या मागे विटांवर टेकवलेली जुनी जीप दिसली, तर ती मीच. टायर कोणी नेले ते विचारू नका. मलाही आता त्याचे काही वाटत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अनुदानातून माझी खरेदी झाली. काम एकच, अशक्त मुलांसाठी दुधाची पावडर कन्हान नदीपलीकडच्या गावांत पोचवायची. ड्रायव्हर शालिकराम हॉर्न वाजवायचा आणि बाया लेकरे घेऊन धावत यायच्या. त्यात गोपिका नेहमी पुढे. तिचा मुलगा इतका हडकुळा, की त्याला उचलून घेताना शालिकराम घाबरायचा. पण दुधाने तो अंग धरू लागला होता. तेव्हा माझे फार कौतुक व्हायचे.

संस्थेत खोल्या दोन. एकीत सिंधूताई गावांचा कार्यक्रम आखत, दुसरीत वामनराव अनुदानाचा हिशेब सांभाळत. दूध, पेट्रोल, दुरुस्ती, सगळ्यांचे पैसे वेगळे. इकडचे तिकडे करायचे तर दोघांच्या सह्यांचा अर्ज लागे. एका वर्षी फेब्रुवारीतच माझे पेट्रोल बंद झाले.

“वामनराव, पेट्रोल काहून नाही देऊन राहिले?” सिंधूताईंनी विचारले.

“त्याचे पैसे संपले, ताई. तुम्ही गावं वाढवली तेव्हा मले विचारलं होतं का?”

“अन् संपत आले तेव्हा तुम्ही मले सांगितलं का?”

अर्ज टाइप झाला. पण आधी सही करील त्याची चूक ठरणार, म्हणून तो या टेबलावरून त्या टेबलावर नुसता फिरत राहिला. दुधाचे डबे माझ्यातच पडून होते. मार्च सरत आला आणि दुरुस्तीचे पैसे शिल्लक निघाले. ते परत जाऊ नयेत म्हणून मला हिरवा रंग दिला, गाद्या बदलल्या. दोन्ही खोल्यांतली माणसे बघायला आली. छान झाली, म्हणाली. मला काहीच वाटले नाही.

एप्रिलमध्ये नवे अनुदान आले, टाकी भरली. हॉर्न ऐकून बाया आल्या. गोपिका सगळ्यांच्या मागे उभी होती, एकटीच.

शालिकरामने डबा पुढे केला. “घे ना वं.”

“कोनासाठी घेऊ गा?” ती म्हणाली. मग माझ्या दारावरून हात फिरवत तिने विचारले, “गाडीले रंग देऊन राहिले होते का? म्हून नाही आले तुमी?”

शालिकराम “हो” म्हणाला. दुसरे काय सांगणार?

मित्रांनो, मला कोणी जपावे असे माझे मागणे नाही. मोठेपणी तुम्ही अशाच खोल्यांत बसाल. तेव्हा उठून शेजारच्या खोलीत जा आणि आधी सही करा. चूक तुमची ठरली तर ठरू द्या. लेकरू तरी राहील.