मंगळवारच्या ओळी

बुधवारी सकाळची कामं आवरली की मोजपट्टी खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची, चष्मा पुसायची आणि मंगळवारी शिवलेलं उसवायला घ्यायची.

तीन आठवडे हेच चाललं होतं. बारीक टोकाची कात्री टाक्याखाली घालायची, दोरा कापायचा, चिमट्याने ओढून काढायचा, की पुढचा टाका. ओळ मोकळी झाली की ओल्या फडक्याने भोकं मुजवायची आणि त्याच रेषेवर, त्याच रंगाच्या दोऱ्याने पुन्हा धावदोरा घालायचा. तीन मिलिमीटरचा टाका, तीन मिलिमीटरची जागा. एवढं करून गोधडी जिथल्या तिथेच. वैताग यायचा, पण तो काढायचा कोणावर? आजारी बाईवर? की गेलेल्या बाईवर?

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं काढली होती. चहात साखर घालतानाही ती चमचा काठाशी सपाट करून घ्यायची. त्यावरून तिघी मैत्रिणींतल्या थोरलीने तिचं नाव मोजपट्टी पाडलं आणि टपालने ते गावभर केलं. टपाल म्हणजे तिसरी. अठ्ठावीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय ते पत्राआधी पोचवणारी. दर मंगळवारी तिघी एकत्र शिवायला बसत. थोरली शिवायची, मोजपट्टी मापं घ्यायची आणि टपाल बोलायची.

हिवाळ्यात थोरली गेली. जायच्या आधी तिने आपल्याच कपड्यांचे चौकोन कापून एका पिशवीत भरले आणि वर चिठ्ठी डकवली, ‘लेकीसाठी’. ते चौकोन जोडून मोजपट्टीने गोधडीचा वरचा भाग केला. खाली अस्तर, मध्ये जुन्या चादरीचा थर. आता फक्त तिन्ही थरांतून धावदोरा घालायचा राहिला होता.

“मावशी, मी एक तारखेला येतेय घर रिकामं करायला,” थोरलीच्या लेकीचा फोन आला होता. “गोधडी तेवढी घेऊन जाईन. झाली ना?”

“होत आलीय,” मोजपट्टी म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा म्हणत होती.

कपाटात आणखी दोन अर्धवट पडून होत्या. एक थोरली आजारी पडली तेव्हा तिच्यासाठी घेतलेली. ती आता कोणाचीच नव्हती. दुसरी टपालसाठी, तिच्या तपासणीचा निकाल आला त्या आठवड्यात सुरू केलेली. ती पाहून टपालने कोपरापासून हात जोडले होते. “माझ्यासाठी काही शिवायला घेऊ नकोस गं बाई. तुझं मोजून होईपर्यंत माणूस निघून जातं!” आणि स्वतःच खो-खो हसली होती. मोजपट्टीला हसू आलं नव्हतं. तिने ती गोधडी घडी घालून सर्वांत खालच्या कप्प्यात ढकलली होती.

थोरलीच्या गोधडीत मात्र टपालला हात हवाच होता. “मी नुसती तोंड वाजवत बसले असं तिच्या लेकीला वाटायला नको.” नाही कसं म्हणणार? पण दर तीन आठवड्यांनी चढवायच्या केमोच्या औषधाने टपालची बोटं बधिर झाली होती. सुई हातात आहे की नाही तेही तिला बघावं लागायचं. तिचे टाके करंगळीच्या नखाएवढे, कुठे तिरके, कुठे एकावर एक. आणि ही गोधडी थोरलीच्या नावाची. थोरली वाकडा टाका पाहिला की जेवायची नाही.

म्हणून बुधवारची उसवणूक. टपालला सांगून तिचं मन कशाला दुखवायचं, असं मोजपट्टीने स्वतःला सांगितलं होतं, आणि मग त्यावर विचार करायचं टाळलं होतं.

चौथ्या मंगळवारी टपाल आली ती जिन्यापासूनच बोलत. “आहेस का घरात, की चमचे सपाट करतेयस? दार उघड, मला कडी धरता येत नाहीये.”

दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. मोजपट्टीने सुई ओवून दिली. टपालने चार टाके घातले आणि मोजपट्टीचं लक्ष पांढऱ्या चौकोनावर गेलं. त्यावर लाल ठिपका होता.

“बोटात गेली तुझ्या सुई.”

“हो का?” टपालने बोट डोळ्यांसमोर धरलं. “मला पत्ताच नाही. बघ, याला म्हणतात सहनशक्ती.”

मोजपट्टीने कापूस दिला आणि थंड पाण्याने डाग पुसायला घेतला. तेवढ्यात टपालने गोधडी स्वतःकडे ओढली आणि मागच्या मंगळवारच्या ओळी शोधून त्यांवर मान तिरकी करून बघत बसली.

“पण एक सांगू? शिवताना मला वाटतं सगळं वाकडं जातंय. आठवड्याने बघावं तर हे असं! मोत्यासारखं! हात सुधारतोय गं माझा. पहिल्या आठवड्यापेक्षा दुसरा बरा, दुसऱ्यापेक्षा तिसरा.”

मोजपट्टी डाग पुसत राहिली.

“शुक्रवारी डॉक्टरीणबाईंना मी गेल्या मंगळवारी इथे काढलेला फोटोच दाखवला. त्या म्हणत होत्या, बोटं फार बधिर असतील तर औषध कमी करू. मी म्हटलं, अहो, हे टाके बघा. बधिर बाईचे वाटतात का? त्यांनी फोटो मोठा करून बघितला. म्हणाल्या, असं असेल तर या गुरुवारी पूर्ण डोस देऊ.”

पुसणारा हात थांबला.

“बटणं लावता येतात का, ते नाही विचारलं त्यांनी?”

“विचारलं की. म्हटलं, येतात.”

“येतात?”

“आमच्या ह्यांना येतात,” टपाल म्हणाली आणि पुन्हा सुईच्या मागे लागली. “तू डाग काढ. वेळ घालवू नकोस.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. वाक्यही तयार होतं, अगदी साधं: ते टाके माझे आहेत. पण ती पाणी बदलायला उठली. टपालने दोन ओळी घातल्या, शेजारणीच्या जावयाची सगळी कुंडली मांडली, आणि जाताना म्हणाली, “पुढच्या मंगळवारी तुझ्यापेक्षा बारीक टाका घालून दाखवते बघ.”

दार लागल्यावर मोजपट्टीने टेबलावरची टाचण्यांची डबी उचलली आणि तशीच आपटली. टाचण्या फरशीभर झाल्या. मग त्या वेचत बसावं लागलं, त्याचाही राग आला. प्रयोगशाळेत तिने एका नव्या मुलीला दोन दिवस रडवलं होतं, का तर तिने चुकलेला आकडा खोडून त्यावर नवा लिहिला होता. “चूक झाली तर एक रेघ मारायची, बाजूला खरा आकडा लिहायचा. खालचं वाचता आलं पाहिजे!” हे तिचंच बोलणं. आणि आता तिनेच तीन आठवडे एका आजारी बाईच्या हाताची नोंद चिमट्याने उपटून कचऱ्यात टाकली होती.

बुधवारी सकाळी ती टपालच्या घरी गेली. दार टपालच्या नवऱ्याने उघडलं. आत टपाल खुर्चीत ताठ बसली होती आणि तिच्या स्वेटरची खालची तीन बटणं लावायची राहिली होती.

“या,” नवरा म्हणाला. “आमचं बटणकाम चालू आहे.”

“भाऊजी, मला हिच्याशी जरा बोलायचंय.”

“बोल ना,” टपाल म्हणाली. “यांना काय, कानात कापूसच असतो. लग्नापासून.”

मोजपट्टी उभ्या उभ्याच बोलली. “फोटोतले टाके तुझे नाहीत. तुझे मी दर बुधवारी उसवत होते आणि पुन्हा घालत होते. तिन्ही आठवडे. उद्या पूर्ण डोस घेऊ नकोस, आधी डॉक्टरना खरं सांग.”

नवऱ्याचा हात बटणावरच राहिला.

“सगळे?” टपालने विचारलं.

“सगळे.”

“एकही नाही ठेवलास?”

“नाही.”

“का?”

“वाकडे होते.”

“अगं वाकडे होते तर तोंड नव्हतं तुला?” टपालचा आवाज फुटला. “मी तीन आठवडे या माणसाला सांगतेय, माझे हात परत येतायत. रोज झोपताना बोटं मोजतेय. आणि तू तिकडे बसून... लोकांचं पत्र फोडून वाचणारे पाहिलेत मी. पत्र काढून घेऊन दुसरंच आत घालणारी पहिल्यांदा पाहिली!”

“माझं चुकलं.”

“ते तर दिसतंच आहे. आता उद्या त्या बाईंना काय दाखवू? त्या म्हणतील, शुक्रवारी मोती आणि गुरुवारी माती? म्हणतील, बाई औषधाला घाबरली, म्हणून हात बधिर झालाय सांगतेय.”

“मी येते बरोबर. मी सांगते.”

“तू नको सांगूस. तुझ्या सांगण्यावर माझा भरवसा नाही आता.” टपालने मान वळवली. “अहो, बटणं लावा. थंडी वाजतेय.”

घरी आल्यावर मोजपट्टीने गोधडी टेबलावर पसरली. कालच्या दोन ओळी तेवढ्या टपालच्या होत्या. पण दोन ओळींवरून हात सुधारतोय की बिघडतोय ते कळत नाही. त्याला आधीचं हवं. आधीचं तिने मुजवून टाकलं होतं.

पण फक्त वरच्या बाजूचं. अस्तराची बाजू कोण बघणार, म्हणून तिकडे फडकं फिरवलं नव्हतं.

तिने गोधडी उलटी केली, खिडकीतल्या तिरप्या उजेडात धरली आणि भिंग लावलं. अस्तराचं कापड घट्ट विणीचं होतं. तिच्या स्वतःच्या बारीक टाक्यांच्या अधूनमधून जुनी भोकं दिसत होती, रिकामी, धाग्यांत फट पाडून बसलेली. ती मोजायला लागली. पहिल्या मंगळवारच्या दोन भोकांमधली जागा सरासरी पाच मिलिमीटर. दुसऱ्याची साडेसहा. तिसऱ्याची आठ, आणि तिथे बरीच भोकं खालपर्यंत पोचलीच नव्हती. कालची नऊच्या वर. तिने ते तारखांसकट कागदावर उतरवलं. आकडे सरळ चढत गेले होते. इतकी स्वच्छ नोंद तिला प्रयोगशाळेतही क्वचित मिळाली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या स्वच्छ नोंदीचा संताप आला.

नुसत्या कागदावर टपाल विश्वास ठेवणार नव्हती. म्हणून तिने आपले टाके उसवले आणि लाल दोरा घेऊन जुन्या भोकांतून टपालचे टाके परत घालायला बसली. ते काम जमेचना. हात आपोआप सरळ जायचा. भोक डावीकडे असलं तरी सुई रेषेवरच उतरायची. चार टाके घालून तीन काढावे लागायचे. वाकडं शिवणं इतकं अवघड असतं हे साठ वर्षांत तिला कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मान आखडली आणि कशाबशा एका आठवड्याच्या दोन ओळी झाल्या.

गुरुवारी ती रुग्णालयाच्या दारात गोधडी काखेत घेऊन उभी राहिली. टपालने तिला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, पण हाकललं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. भिंगातून अस्तर पाहिलं. मग टपालला डोळे मिटायला सांगितलं आणि तिच्या बोटांना एकेक करून कापसाने आणि सुईच्या टोकाने स्पर्श केला. टपालने दहापैकी सात वेळा चुकीचं सांगितलं.

“आज हे औषध नाही द्यायचं,” त्या म्हणाल्या. “दोन आठवडे थांबू. मग कमी करून, किंवा दुसरं.”

“थांबलं तर आजार वाढेल का?” टपालने विचारलं.

“लक्ष ठेवू. पण हात गेले तर ते परत येतीलच असं मी सांगू शकत नाही.”

बाहेरच्या बाकावर टपाल टेकली. मग म्हणाली, “दे इकडे.” तिने लाल ओळी मांडीवर घेऊन पाहिल्या. “हे काय?”

“तुझे टाके. भोकं सापडली, त्यांतून घातले.”

“हे माझे नाहीत. माझ्यासारखे आहेत.” तिने नखाने एक टाका उचलायचा प्रयत्न केला, तो नखात येईना. “पोस्टात अशा सह्या यायच्या. हुबेहूब. त्या आम्ही परत पाठवायचो.”

तेवढ्यात मोजपट्टीचा फोन वाजला. थोरलीची लेक. टपालने हात पुढे केला. “बटण दाब आणि माझ्या कानाला लाव.”

“मावशी, झाली का गोधडी?”

“मी दुसरी मावशी बोलतेय,” टपाल म्हणाली. “नाही झाली. एक तारखेला मिळणार नाही. का ते तुझ्या या मोजपट्टी मावशीला विचार, ती सांगायला शिकतेय. घर रिकामं कर, गोधडी मागाहून येईल. आणि एक बाजू माझ्या हातची असेल. ती वाईट दिसेल, आत्ताच सांगून ठेवते.”

पुढच्या मंगळवारी टपाल आली. जिन्यात आवाज नव्हता. ती टेबलाशी बसली, सुईसाठी हात पुढे केला, आणि डाव्या कडेपासून शिवायला लागली. मोजपट्टी समोर बसली. सवयीने तिची नजर सुईच्या टोकावर गेली, तिथेच अडकली.

“खाली अस्तर सुटतंय,” ती म्हणाली.

टपालने वर पाहिलं. “कधीपासून?”

“तिसऱ्या टाक्यापासून.”

“आणि आता कितवा?”

“पाचवा.”

“मग दोन टाके काय तोंडात मूग होते?”

“धीर गोळा करत होते.”

“लवकर गोळा करत जा. माझ्याकडे वेळ नाहीये.” टपालने सुई बाजूला ठेवली. “कात्री दे. नाही, तू नको. माझ्या हातात दे.”

मोजपट्टीने कात्री तिच्या हातात दिली. तीन टाके उसवायला टपालला वीस मिनिटं लागली. एकदा कात्री घसरून कापडाला लहानसा छेद गेला. मोजपट्टी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून होती, आणि तो छेद सहा मिलिमीटरचा आहे, असं तिने मोठ्याने सांगितलं.