मार्लिसचा घोटा

डेन्व्हर सोडून डोंगर लागले तसं विमान हेलकावे खायला लागलं. मार्लिस ट्वेट एकवीस वर्षं हवाईसेविकेची नोकरी करत होती. तिने ट्रॉली अडकवली आणि कॅप्टन हॅस्केलला आतल्या फोनवर गाठलं. मागच्या टोकाला नवखी हवाईसेविका कोरीन दुसऱ्या फोनवर ऐकत होती.

“कॅप्टन, आम्ही बसून घेतो. मला लक्षण ठीक दिसत नाही.”

“विमान मी चालवतोय की तू?” हॅस्केल म्हणाला. “कॉफी वाट गुपचूप. बसायला तुम्हाला निमित्तच हवं असतं.”

ती मनातल्या मनात चरफडली आणि कामाला लागली. चौदाव्या रांगेपाशी विमान दाणकन खाली गेलं. पट्टे बांधलेले प्रवासी जागेवर राहिले. मार्लिस छताला आपटून खाली पडली आणि भरलेली ट्रॉली तिच्या डाव्या पायावर आली. घोटा दोन ठिकाणी मोडला. विमान उतरेपर्यंत ती तिथेच पडून होती आणि शेजारचा गृहस्थ शर्टावर सांडलेल्या कॉफीबद्दल कुरकुरत होता.

सात आठवड्यांनी चौकशी झाली. हॅस्केलने लेखी दिलं होतं: सर्वांना बसायला सांगितलं, हिने ऐकलं नाही.

कुबड्या भिंतीला टेकवून मार्लिस त्याच्या समोर बसली. “हे माझ्या तोंडावर सांगा.”

“गडबडलीस तू,” तो म्हणाला. “वय झालं की होतं असं.”

“खोटारडा आहेस तू.”

आजवर तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. चौकशी करणाऱ्या बाईंनी तिला गप्प केलं आणि कोरीनला विचारलं. कोरीनची नोकरी अजून कच्ची होती. हॅस्केल तिच्यावर नजर रोखून बसला होता.

“‘कॉफी वाट’ म्हणाले ते,” कोरीन मान खाली घालून म्हणाली. “मी फोनवर होते.”

“विचार करून बोल,” हॅस्केल म्हणाला.

“सात आठवडे तेच करतेय.”

हॅस्केलला सहा महिने उड्डाणावरून उतरवलं. मार्लिसचा घोटा मात्र धड जुळला नाही. तिला कायमचं जमिनीवरचं काम मिळालं. एकदा तिने कोरीनला फोन केला.

“त्रास देतात?”

“वैमानिक बोलत नाहीत. हॉटेलच्या गाडीत माझ्याशेजारी कुणी बसत नाही.”

“मग पाय पसरून बस,” मार्लिस म्हणाली.