विहारातला टीव्ही कोणी बिघडवला

इंदूबाई म्हणजे संशयाची पुतळी. सख्ख्या बहिणीनं साखर पाठवली तरी दोन दाणे जिभेवर ठेवल्याशिवाय डब्यात ओतायची नाही. म्हणूनच तर दिग्रसच्या त्या मोहल्ल्यानं बुद्धविहारातला टीव्ही तिच्या ताब्यात दिला होता. तिच्या नजरेतून माशी सुटणार नाही, ही साऱ्यांना खात्री.

अन् तोच टीव्ही बिघडला! आवाज येई, चित्र नाही. दसरा पाच दिवसांवर. दरसाल मोहल्ला गाडी करून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, पण गेल्या हंगामात बोंडअळीनं कापूस खाल्ला अन् औंदा गाडीचं नाव कुणी काढलं नाही. सारे विहारातच बसून टीव्हीवर तिथला सोहळा पाहणार होते. कंपनीला फोन लावला तर पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, वॉरंटी संपली, या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत, नवीन घ्या.

"नवीन घ्या म्हणे! तुह्या बापानं आणून ठेवला काय?" इंदूबाईनं फोन आपटला.

मग बिघडवला कोणी? तिला फार विचार करावा लागला नाही. भगवानराव! बायको गेल्यापासून हा माणूस रोज संध्याकाळी विहारात बातम्या पाहायला येई, आणि टीव्हीच्या मागे हात घालताना तिनं त्याला दोनदा पाहिलं होतं. संध्याकाळची वंदना संपल्याबरोबर तिनं साऱ्यांसमोर तोंड उघडलं.

"भाऊ, मागं हात कायले घालत होते तुम्ही? झालं आता समाधान?"

"मी काही केलं नाही, इंदूबाई," भगवानराव एवढंच म्हणाले. चपला घालून निघाले, ते दुसऱ्या दिवसापासून वंदनेलाही फिरकले नाहीत. चोराच्या मनात चांदणं, इंदूबाई मनाशी म्हणाली.

बसस्टँडमागे लखीराम राठोडचं दुरुस्तीचं दुकान. इंदूबाई ऑटोत टीव्ही मांडीवर धरून आली, तीही स्क्रूंना सुनेच्या नेलपॉलिशनं खुणा करून.

लखीराम हसला. "मावशी, मी स्क्रू चोरत नाही."

"आतलं तं चोरशील!" म्हणत ती स्टुलावर ठाण मांडून बसली. डबाही संग आणला होता.

लखीरामनं टीव्ही लावला, दुकानातला दिवा बंद केला आणि मोबाइलची बॅटरी काचेजवळ धरली. काळ्या काचेत बातम्या सांगणारी बाई अंधूक दिसू लागली.

"चित्र हाय, मावशी. मागचा उजेड मेला."

"माह्यापुढं जादू नको करू. तुह्या मोबाइलातच असन ते चित्र."

तिनं स्वतःच्या फोनची बॅटरी लावून पाहिली. तीच बाई, तीच साडी.

लखीरामनं पाठ उघडली, काच दोन्ही हातांनी अलगद उचलून ठेवली. खाली बारक्या दिव्यांच्या पट्ट्या होत्या, त्यांवर पांढरा कागद. कागद जागोजागी तपकिरी पडलेला. कोपऱ्यात एक काच फुटलेला टीव्ही पडला होता. त्याच्या पट्ट्या काढून याला बसवता येतील, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मागून काही बांधून ठेवता काय याले?"

इंदूबाईची छाती फुगली. "मोहल्ल्याले लागून कापसाची जिनिंग हाय. हिवाळाभर रुई उडते, घराघरात घुसते. मी रुईचा जाड थर भरून खोळ शिवली. पुढून पडदा उचलाचा अन् पाहाचं, मागून पक्की बंद. एक तंतू जाऊ देल्ला नाही!"

"बाप्पा! गोधडी पांघरून टीव्ही चालवता? मागची भोकं गरमी बाहेर जायसाठी असतात. आतल्या आत भाजला ना तो!"

"तुले भगवानरावानं पाठवलं काय?"

"कोण भगवानराव?"

तिनं तपकिरी डागांवर बोट फिरवलं. कागद कडक झाला होता, कोपरा हातात तुटून आला. तिला आठवलं, भगवानराव टीव्हीच्या मागे हात धरून म्हणाले होते, "लय तापते हा." आणि ती खेकसली होती, "हात काढा पयले."

संध्याकाळपर्यंत चित्र लख्ख आलं. निघताना लखीराम हळूच म्हणाला, "कोणी विचारलं तं व्होल्टेजनं गेला म्हणा. सारेच म्हणतात."

ऑटोत बसून ती वाटभर 'व्होल्टेज' घोकत आली. विहारात टीव्ही लागला, टाळ्या पडल्या, कुणीतरी विचारलंच, "कायनं गेलता?" शब्द अगदी जिभेच्या टोकावर होता. पण तिच्या तोंडून निघालं, "माह्यानं. माह्या खोळीनं. भगवानभाऊचा काही दोष नाही." लाजेनं तिला मान वर करवेना.

दसऱ्याच्या संध्याकाळी सारा मोहल्ला विहारात जमला. भगवानराव तेवढे नव्हते. इंदूबाई त्यांच्या दारी गेली.

"जय भीम, भाऊ. चला, सुरू होऊन राह्यलं. टीव्ही माह्यानंच गेलता. मिस्त्रीनं दाखवलं मले. मी साऱ्यांसमोर सांगतलंही."

भगवानराव खाटेवर बसून होते. "मिस्त्रीनं दाखवलं?"

"हो."

"मी सांगतलं होतं ना, मी काही केलं नाही म्हणून? चाळीस वर्सं एका सतरंजीवर बसून वंदना घेतो आपण. माह्या तोंडचं खोटं वाटलं, अन् एका दिवसाच्या मिस्त्रीचं खरं वाटलं?"

इंदूबाई पायरीवर बसली.

"जा तुम्ही, सोहळा चुकून राह्यला तुमचा."

"चुकू द्या."

विहारातून वंदना ऐकू येऊ लागली. इंदूबाईनं हात जोडले. मागून, खाटेवरून, भगवानरावांचा बारीक आवाज तेच शब्द म्हणत होता. वंदना संपली. तरी ते उठले नाहीत, आणि तीही उठली नाही.