मंगळवारचं समाजकार्य

दर मंगळवारी दुपारी तुमच्या घराला कुलूप का असतं, असं कुणी विचारलं की ग्रंथपालांची मान जराशी ताठ व्हायची. "आमची ही जाते महिला केंद्रात आणि मी वाचनालयात," ते सांगायचे. "समाजकार्य करते. अडचणीतल्या बायकांना धीर देते." निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना ग्रंथपालच म्हणत. हळू आवाजात बोलण्याची जन्माची सवय, त्यामुळे फुशारकीही ते कुजबुजूनच मारत. पण मारत.

खरं तर वर्षापूर्वी बायको एवढंच म्हणाली होती, "मी आता मंगळवारी केंद्रात जात जाईन." ग्रंथपाल तेव्हा पुस्तकात होते. "हं," म्हणाले. बाकीचं सगळं त्यांनी मनाशीच भरून घेतलं, आणि एकदा भरल्यावर ते खरंच आहे की नाही हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही.

त्यामुळे परवा बायको म्हणाली, "या मंगळवारी तुम्हीही चला, तिथल्या बाईंनी बोलावलंय," तेव्हा कशासाठी, तेही त्यांनी मनाशीच ठरवून टाकलं. आभार मानणार असतील. चार शब्द बोला म्हणतील. चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की त्यांना दरदरून घाम फुटे. तरी त्यांनी आरशासमोर दोन-तीन वाक्यं घोकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि केंद्राला भेट म्हणून पिशवीभर पुस्तकं निवडून घेतली.

केंद्र औषधाच्या दुकानावर होतं. वर गेलं की भिंतीकडेनं खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, आणि आतल्या दाराशी जमिनीवर ठेवलेलं एक छोटं यंत्र. ते सारखं घूं घूं करत होतं.

"हे बिघडलंय वाटतं," ग्रंथपाल म्हणाले.

"बिघडलं नाही," बायको म्हणाली. "आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून लावतात."

टेबलामागची मुलगी उठलीच. "काकू, आणलंत काकांना! चला, जोडप्यांची खोली मोकळी आहे."

"जोडप्यांची?" ग्रंथपालांनी पिशवी पुढे केली. "ही पुस्तकं... इथल्या गरजू भगिनींसाठी."

मुलीनं पिशवीकडे पाहिलं, मग काकूंकडे. "ठेवा ना इथेच," ती हलकेच म्हणाली.

आत तीन सारख्या खुर्च्या होत्या. मध्ये टेबल नाही, नुसतं एक स्टूल, त्यावर कागदी रुमालांचा डबा आणि मुठीत मावेल एवढा गुळगुळीत दगड. समुपदेशन करणाऱ्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या असतील. "बसा काका," त्या म्हणाल्या. पण घोकलेलं विसरण्याआधी उरकून टाकावं म्हणून ग्रंथपाल उभ्याउभ्याच सुरू झाले.

"माझ्या पत्नीच्या या कार्यात माझा वाटा अगदी खारीचा आहे..."

"अहो," बायको म्हणाली, "मी इथे काम करत नाही."

"म्हणजे?"

"मी इथे बोलायला येते. या ऐकतात."

"कुणाबद्दल बोलायला?"

"आपल्याबद्दल."

ग्रंथपाल खुर्चीत बसले. वर्षभर ज्या अडचणीतल्या बायकांबद्दल ते गल्लीभर सांगत फिरले, त्यातली एक त्यांच्याच घरात राहत होती, त्यांच्याच ताटात वाढत होती. आपण कुणाकुणाला सांगितलंय याची यादी डोळ्यांपुढून सरकू लागली, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, की हिला काय झालंय हे सोडून आपण लोकांचा विचार करतोय.

"पण आपलं तर कधी भांडणसुद्धा झालं नाही," ते म्हणाले.

"भांडायला दोघं लागतात. तुम्ही असायचात कुठे?" बायकोच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. "रविवारी मी धाकटीकडे जातेय. राहायला. तिची एक खोली रिकामी आहे. परत यायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. जायच्या आधी एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. बाई म्हणाल्या, इथे सांगा."

ग्रंथपाल खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. ही सगळी काहीतरी चूक आहे, असं आता त्या म्हणतील, असं त्यांना वाटलं. बाईंनी स्टुलावरचा दगड उचलून बायकोच्या हातात दिला.

"आमची इथली पद्धत सोपी आहे, काका. दगड ज्याच्या हातात, तो बोलणार. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही. ऐकलं ते तसंच्या तसं परत म्हणायचं. काकू 'हो, हेच' म्हणाल्या की झालं."

एवढंच ना, ग्रंथपालांना वाटलं. वाचलेलं सांगण्यात तर आपला जन्म गेला.

बायको दगडाकडे बघत बोलली. "आई गेल्याचा फोन आला, तेव्हा तुम्ही वाचत होता. मी दारात आले. तुम्ही मान वर न करता बोट ओठांवर ठेवलंत. मी पान संपायची वाट पाहिली. तुम्ही पान उलटलंत. मग मी शेजारी निरोप ठेवला आणि एकटी गेले."

ग्रंथपाल घसा खाकरून म्हणाले, "थोडक्यात, त्या दिवशी मी जरा कामात होतो, आणि..."

"थोडक्यात नको, काका," बाई म्हणाल्या.

"बरं. सासूबाईंच्या निधनाच्या वेळी आपल्या दोघांत जो गैरसमज..."

बायको हसली. कोरडं, एवढंसं. "पुस्तकाच्या पाठीवर छापतात तसं सांगताय. ते वाचून कुणाला आतलं कळलंय का कधी?"

तो दिवस ग्रंथपालांना चांगला आठवत होता. म्हणजे, शेजारणीनं निरोप सांगितला तिथपासूनचा. मला त्रास नको म्हणून एकटी गेली, किती समजूतदार, ही गोष्ट त्यांनी सगळ्या नातेवाइकांना कौतुकानं सांगितली होती. बायकोच्या देखत. तेव्हा ती चहाचे कप उचलत असायची. त्याच्या आधीचं काहीच त्यांच्यापाशी नव्हतं. दार नाही, दारात कुणी उभं नाही. आणि ते पुस्तक? कुठलं पुस्तक होतं? हजारो पुस्तकांची जागा अंधारातही सांगू शकणाऱ्या माणसाला ते एक नाव आठवेना.

उजव्या हाताचं बोट आपोआप वर उठलंय, हे त्यांना बायकोची नजर तिथे खिळलेली पाहून कळलं. त्यांनी ते डाव्या मुठीत घट्ट दाबून धरलं.

"आई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वाचत होतो," ते म्हणाले. "तू दारात आलीस. मी मान वर न करता... बोट ओठांवर ठेवलं. तू पान संपायची वाट पाहिलीस." इथे त्यांनी पुन्हा बाईंकडे पाहिलं. बाईंनी मदत केली नाही. बाहेरचं यंत्र घुमत राहिलं. "मी पान उलटलं," ते म्हणाले, इतक्या मोठ्यानं की स्वतःच दचकले. "मग तू शेजारी निरोप ठेवलास आणि एकटी गेलीस."

"हो," बायको म्हणाली. "हेच." आणि तिनं दगड त्यांच्या हातात दिला. तो गरम झाला होता.

आता बोलायची पाळी त्यांची. घोकलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली होती. माफ कर म्हणावं, तर तेही थोडक्यातच झालं असतं. त्यांनी दगड नुसता या हातातून त्या हातात केला.

"त्या दिवशी," शेवटी ते म्हणाले, "गाडीत बसायला जागा मिळाली होती का?"

बायकोनं चटकन वर पाहिलं. तिचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी भलत्याच दाराची कडी वाजवली. "नाही," ती म्हणाली. "उभी होते. सगळा रस्ता." आणि मग तिला रडू फुटलं. वर्षभरात इथे ती पहिल्यांदाच रडत असावी, कारण बाईसुद्धा गडबडल्या आणि कागदी रुमालांचा डबा घाईघाईनं उघडू लागल्या. तो नवाकोरा होता.

परतताना जिन्यात तिनं डोळे पुसले. "रविवारी मी जाणार आहेच," ती म्हणाली.

ग्रंथपालांच्या ओठांवर 'हं' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "रविवारी तू जाणार आहेसच," ते म्हणाले.

"परत येईन की नाही, माहीत नाही."

"परत येशील की नाही, तुला माहीत नाही."

दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "मंगळवारी मात्र इथे येईन," ती म्हणाली. "तुम्हीही या. पुस्तकं आणू नका."