एक्केचाळीस नंबरच्या पेशी

ताईंना ताई म्हणणारे सगळे आता वरच्या मजल्यावर गेले होते. तिथे यंत्रं नवी, माणसं तरुण. खालच्या प्रयोगशाळेत उरल्या ताई आणि रुग्णांच्या कर्करोगाच्या गाठींतून काढलेल्या पेशी. काम सांगायला सोपं: पेशी वाढवायच्या, प्लेटच्या बारीक खळग्यांत वाटायच्या आणि प्रत्येक खळग्यात दोन-दोन औषधं जोडीने घालून बघायचं, कोणत्या जोडीपुढे त्या नांगी टाकतात. तीच जोडी मग डॉक्टर रुग्णाला देणार. रुग्ण कोण, हे ताईंना कधी कळत नसे. त्यांच्याकडे फक्त नंबर.

एक्केचाळीस नंबरच्या रुग्णाच्या मुलीने मात्र कुठून तरी प्रयोगशाळेचा फोन नंबर मिळवला. “आईच्या पेशी कशा आहेत?” तिने असं विचारलं, जणू आई चार दिवस माहेरी गेलीय. अशा वेळी तोंडाला कुलूप लावायचं, असा नियम. पण सकाळपासून ताईंशी कोणी चकार शब्द बोललं नव्हतं.

“छान वाढताहेत,” त्या बोलून गेल्या.

मग रोज चारच्या ठोक्याला फोन. पेशी वाढल्या तरच औषधांची परीक्षा घेता येते, हे पोरीला पाठ झालं होतं. भारी बडबडी. आईचा हट्टीपणा ऐकवी, वर “तुम्ही जेवलात का?” विचारी. हे विचारणारं माणूस ताईंच्या घरात उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी रंग घालून पेशींची ओळख पटवायची, हा ताईंचाच दंडक. गाठीच्या तुकड्याबरोबर शेजारच्या साध्या पेशीही येतात. त्यांनी हातपाय पसरले की गाठीच्या पेशींना जागाच उरत नाही. नवशिक्यांना हे बजावून बजावून ताईंचा घसा कोरडा झाला होता. पण काही वाईट निघालं तर चार वाजता काय सांगायचं? उद्या बघू, म्हणाल्या. मग परवा. पेशी वाढत होत्या, तेवढं त्यांना पुरत होतं.

बाराव्या दिवशी, औषधं घालण्याआधी, रंग घालावाच लागला. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लांबट, निमुळत्या, शहाण्यासारख्या एका दिशेने आडव्या. साध्या पेशी. गाठीची पेशी औषधालासुद्धा उरली नव्हती. चौथ्या दिवशी पाहिलं असतं तर साध्या बाजूला काढता आल्या असत्या.

डॉक्टरांना त्यांनी चूक कबूल करून सगळं सांगितलं. ते चिडलेसुद्धा नाहीत. “दुसरा तुकडा म्हणजे पुन्हा ऑपरेशन. ते त्यांना झेपणार नाही. नेहमीची औषधं देऊन बघतो,” एवढंच म्हणाले.

चार वाजता फोन वाजला. ताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि शेवटी हेही: “काही वाईट निघालं तर तुझा फोन यायचा बंद होईल, म्हणून मी वेळेवर बघितलं नाही.”



“तुम्ही वाढताहेत म्हणालात की मी आईला सांगायचे,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. “मग ती दोन घास जास्त खायची. आत्ताही समोर बसलीय, माझ्या तोंडाकडे बघत. काय सांगू तिला?”