आधी बोट, मग झाकण

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नववीच्या वर्गात वीस मिनिटांचा तास घ्यायचा होता. तो रंगला तरच शाळेतली विज्ञानाची जागा माझी. विषय दिला होता: प्रवर्तन आणि ध्रुवीकरण यांतला फरक. तालमीसाठी मी दुपारी बाबांच्या सलूनमध्ये गेले. गिऱ्हाईक एकच, गालभर फेस लावून बसलेले पोस्टमनकाका.

प्लास्टिकची फाइल मी टॉवेलने खसाखसा घासली. तिच्यावर ॲल्युमिनियमचं झाकण ठेवलं. धरायला त्यावर प्लास्टिकचा कप चिकटवला होता.

"बाबा, झाकणाला बोट लावा."

त्यांनी लावलं. मी कप धरून झाकण उचललं आणि काकांच्या नाकाजवळ नेलं. ठिणगी उडायला हवी होती.

"नाक शाबूत आहे," काका म्हणाले.

पाचदा केलं. धातूच्या झाकणाने काही नाही, तुलनेसाठी आणलेल्या प्लास्टिकच्या झाकणानेही काही नाही.

"मग दोघांत फरक तो काय?" बाबांनी विचारलं. उद्या वर्ग हेच विचारणार!

बाबा पुन्हा काकांकडे वळले. डाव्या बोटाने गाल ताणला, वस्तरा फिरवला. आधी वस्तरा उचलला, मग बोट.

"बाबा, बोट नेहमी शेवटी काढता?"

"तीस वर्षं! आधी सोडलं तर कातडी सैल पडते, गाल कापतो."

"इथे उलटं करायचं. चूक माझीच, बोट लावा म्हटलं, कधी काढा ते सांगितलंच नाही. फाइलवर ऋणभार आहे. धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे, ते तिच्यापासून दूर पळतात आणि तुमच्या बोटातून निघून जातात. बोट आधी काढलं की परतीची वाट बंद, झाकण भारित राहतं. हे प्रवर्तन. तुम्ही बोट ठेवूनच देता, म्हणून झाकण उचलताच सगळे परत येतात."

"आणि प्लास्टिकचं झाकण?"

"त्यातले बाहेर पडूच शकत नाहीत. आपापल्या रेणूत जरासे सरकतात, फाइल लांब गेली की पूर्ववत. ते ध्रुवीकरण."

"म्हणजे एकात लोक गाव सोडतात," काका म्हणाले, "दुसऱ्यात बसल्या जागी नुसतं अंग चोरतात."

"काका, हे मी उद्या वापरणार!"

बाबांनी वस्तरा बाजूला ठेवला. बोट लावलं, काढलं. मी झाकण उचलून काकांच्या नाकाजवळ नेलं. चट्! काका खुर्चीतून उडाले, फेस थेट आरशावर.

"सरकारी नाक आहे हे!" ते ओरडले.

सकाळी वर्गात मी बोटासाठी मुख्याध्यापिकांनाच पुढे बोलावलं. "बाई, लावा... आता काढा." झाकण उचलून जवळ नेताच ठिणगी त्यांच्याच बोटावर उडाली आणि वर्गाने बाकं बडवली. प्लास्टिकचं झाकण ढिम्म. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "फाइल परत न घासता पुन्हा ठिणगी येईल?"

"करून बघ," मी म्हटलं. आली. मग पूर्ण वर्गच रांगेत उभा राहिला. घंटा झाली, तरी कोणी हलेना.

मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुढच्या तासाचे सर दारात ताटकळलेत," त्या म्हणाल्या. "यांना आवरा. आणि सोमवारपासून या, म्हणजे रोजच आवराल."