शेवटच्या पानावरची पेन्सिल

करी रोडला जुन्या गिरणीच्या जागेवर जो टॉवर उभा राहिलाय, त्याच्या नवव्या मजल्यावर वाचनकट्टा आहे. पुस्तकं काचेच्या कपाटात आहेत आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ अमेरिकेत मुलाकडे आहेत. तरीही कट्ट्यानं मला पत्र पाठवलं : तरुण वाचक आणि होतकरू लेखक यांनी वाचावीत अशी आपली पंधरा आवडती पुस्तकं कळवावीत, फोटोसह. फोटो माझा की पुस्तकांचा, याचा खुलासा नव्हता.

मी उलट कळवलं, यादी राहू द्या, कपाटाला दोरीनं एक पेन्सिल बांधा. त्यावर उत्तर आलेलं नाही. म्हातारा भ्रमलाय असं ठरलं असणार. पेन्सिल कशाला, ते सांगायचं राहूनच गेलं.

साल ब्याऐंशी. गिरणी संपाला पाच महिने झाले होते. डिलाईल रोडवर आमच्या चाळीच्या तळमजल्यावर वाचनालय होतं आणि मी त्याचा बिनपगारी चिटणीस. संपाआधी दिवसाला चार वाचक यायचे, त्यातले दोन पंख्याखाली बसायला. संपात मात्र साचेखात्यातले, म्हणजे जिथे मागावर कापड विणतात तिथले, आडदांड पुरुष भरदुपारी रांग लावून कादंबऱ्या नेऊ लागले. आमच्याकडे एक रीत होती. पुस्तक परत देताना शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शेरा लिहायचा. ‘एकदा वाचण्यास हरकत नाही.’ ‘नायिकेस अक्कल कमी.’ ‘पान १३० फाडणाऱ्याचा निषेध.’ पुस्तक नेण्याआधी लोक नाव बघत नसत, शेवटचं पान बघत.

अशा या वाचनालयात मी गिरगावचे प्राध्यापक रमाकांत धारप यांना व्याख्यानाला बोलावलं. चूक माझी. धारप थोर समीक्षक होते आणि एका दिवाळी अंकाचे संपादकही होते. गिरणगावात ते प्रथमच येत होते, पण त्यावर त्यांनी कादंबरी मात्र वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती. नाव, मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यावरून, ‘धोट्याचे निःश्वास’. येताना ते पंधरा पुस्तकांची टंकलिखित यादी घेऊन आले. त्यात चार पुस्तकं त्यांची स्वतःची होती, दोन त्यांच्या पत्नीची, एकाला त्यांची प्रस्तावना होती. उरलेल्या आठांचे लेखक निवर्तलेले होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलण्यात धोका नव्हता.

साचेवाल्या लवूची मुलगी कमल तेव्हा अकरावीत होती. तिनं त्या दिवशी धारपांना आपली गोष्ट दिली. मी ती आधी वाचली होती. साचेखात्यात यंत्रांचा आवाज इतका, की माणसं तोंडानं बोलतच नाहीत, हातांच्या खुणांनी बोलतात. गोष्टीतला बाप घरीही पाणी खुणेनं मागतो, आणि बोललाच तर ओरडून. संपात दिवसभर घरात बसून तो हळू बोलायला शिकतोय आणि त्याला ते जमत नाहीये. एवढीच गोष्ट.

धारपांनी ती उभ्या उभ्या चाळली. “आवाज फार आहे हिच्यात,” ते म्हणाले. “साहित्याला कुजबूज लागते, बाळ. आधी ही पंधरा वाच, मग पुन्हा लिही. उतरलं तर दिवाळी अंकात घेऊ.”

कमलच्या दृष्टीनं हे नुसतं छापून येण्यापुरतं नव्हतं. लवूनं बिऱ्हाड हलवायचं ठरवलं होतं. गणपतीला गावी जायचं ते परत न येण्यासाठी. कॉलेजसाठी मुंबईत मागे राहू दे म्हणून कमल बापाच्या मागे लागली होती. शेवटी लवू एवढंच म्हणाला होता, “तुझा काय ता छापून इला, तर रव लक्ष्मीमावशीकडे. नाय इला, तर गाव.”

पोरीनं सहा आठवड्यांत पंधराच्या पंधरा वाचली आणि रीतीप्रमाणे शेरेही लिहिले. मग गोष्ट पुन्हा लिहून माझ्याकडे आणली. गोष्टीतला बाप गायब झाला होता. आता साच्याजवळ चांदणं पडत होतं आणि नीलाक्षी नावाची कुणी त्यात उभी होती.

“ही कोण गो?” मी विचारलं.

“सरांना आवडेल ती,” कमल म्हणाली. “वाईट झालीय ना, काका?”

“फार. नक्की घेतील.”

घेतली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी धारप पुन्हा आले. साठेक साचेवाले सतरंजीवर, कमल बायकांत, लवू खिडकीपाशी उभा. धारपांनी पिशवीतून कमलचे कागद काढून वर धरले. ही कथा दिवाळी अंकासाठी स्वीकारली आहे, योग्य वाचन केलं की गिरणगावातही लेखिका घडते, असं जाहीर केलं. लवूनं मान हलवली. कमल सतरंजीचा दोरा उपटत बसली होती.

मग धारपांना आपल्या कादंबरीतला उतारा वाचायची लहर आली. मी कपाटातनं ‘धोट्याचे निःश्वास’ काढून दिली. ते डोळे मिटून, जवळजवळ पाठच म्हणाले : “साच्यांच्या संगीतात तो तिच्या कानाशी कुजबुजला, ‘ऐकतेस ना?’”

तिसऱ्या रांगेतल्या शिवानं लवूकडे वळून बोटं हलवली. लवूनं खिडकीपासूनच बोटांनी उत्तर दिलं. शिवाच्या शेजाऱ्यानं त्यात भर घातली. दोन मिनिटांत साठही माणसं हातांनी बोलत होती. खांदे हलत होते, तोंडातून अवाक्षर नाही. साचेखात्यात फोरमनसमोर वीस-वीस वर्षं फोरमनची टिंगल केलेली माणसं ती.

“बघा,” धारप माझ्याकडे झुकून म्हणाले, “कशी भारावलीत. शब्दच फुटत नाहीयेत.”

शेवटचा परिच्छेद वाचायचा म्हणून त्यांनी पुस्तक मागून उघडलं आणि तिथेच थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. “चिटणीस, वाचा हे मोठ्यानं. कळू दे लोकांना, इथल्या वाचकांची पातळी काय आहे ती.”

मी आज्ञाधारक माणूस. वाचलं.

“‘साचेखात्यात कुजबूज ऐकू येत नाही. ओरडलेलंही येत नाही. साचेखात्यात बाया कामाला नसतात, ही बाई बहुधा चुकून आत आली आहे. पान ९० वर पाळी सुटल्यावर कामगार मंद स्मित करीत बाहेर पडतात. माझे बाबा बावीस वर्षांत एकदाही असे बाहेर पडलेले नाहीत. विचारून घेतलं आहे.’”

कुणी हसलं नाही. हात मात्र पुन्हा सुरू झाले.

“कोणी लिहिलं हे?” धारप म्हणाले. “हिंमत असेल तर उभं राहावं.”

कमलच्या हस्ताक्षरातले कागद त्यांच्या पुढ्यातच पडलेले होते, पण अक्षराकडे बघण्याची समीक्षकांना सवय नसते. ती गप्प बसली असती तर गोष्ट छापली गेली असती आणि ती मुंबईत राहिली असती. तिनं खिडकीकडे पाहिलं. लवूनं एक हात वर केला, दोन बोटं मिटली आणि तळवा खाली आणला. ती खूण तिच्या पहिल्या गोष्टीतही होती : धागा तुटलाय, साचा थांबव.

ती उठली. “मी लिहिलंय, सर.”

धारपांनी कागद टेबलाच्या कडेला ठेवले. “मग तुझी कथा तुला परत.”

“नको, सर,” कमल म्हणाली. “ती तुमचीच आहे.”

धारप चहा न घेता गेले. त्यांची यादी तेवढी आमच्याकडे राहिली. तिच्या पाठीवर आम्ही पुढं बरेच दिवस कॅरमचे गुण लिहिले.

गणपतीला बारा-तेरा दिवस उरले होते. संपाची पत्रकं ज्या सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत, ते शेजारच्या चाळीत होतं. पत्रकांचे बरेच कागद एका बाजूनं कोरे पडले होते. मी कमलची पहिली गोष्ट, बापाची, तिच्याकडून स्टेन्सिलवर लिहून घेतली आणि त्या कोऱ्या बाजूंवर दोनशे प्रती काढल्या. एक लवूला नेऊन दिली. कमल दाराआड उभी होती.

लवूनं कागद उजेडात धरला. पुढून बघितला, मागचं संपाचं पत्रक बघितलं. मग गोष्टीवरून अंगठा फिरवला आणि अंगठा निरखला. काळा झाला होता.

“शाई लागता,” तो म्हणाला. “म्हणजे छापलाच. रव मावशीकडे.”

मग तो कॉटवर बसला आणि ओळीवर बोट ठेवून गोष्ट पुरती वाचली. अर्धा तास लागला. वाचून झाल्यावर खिशातली पेन्सिल काढून त्यानं खाली शेरा लिहिला आणि वाचूनही दाखवला.

“हातांचा बरोबर लिवलंस. पण माझो आवाज काय येवढो मोठो नाय.”

हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की समोरच्या चाळीतली माणसं गॅलरीत आली.